दारावरची वही : नेटवर्क स्विचवरच्या लॉगिनची देखरेख

नेटवर्क स्विचचे मूळ काम टपाल वेगळे करणाऱ्या पोस्टातल्या माणसाचे. आलेल्या प्रत्येक फ्रेमवरचा पत्ता वाचायचा आणि ती नेमक्या पोर्टातून बाहेर सोडायची. कल्पना नावाच्या अमेरिकन कंपनीने १९९० मध्ये पहिला इथरनेट स्विच बाजारात आणला. १९९४ मध्ये ती कंपनी सिस्कोने विकत घेतली. पुढे ही चपटी पेटी बँकेच्या शाखेपासून इस्पितळाच्या बिलिंग काउंटरपर्यंत सगळीकडे जाऊन बसली. दुकानात हजार-दोन हजारांत मिळणाऱ्या साध्या स्विचला केबल खोचली की काम झाले. त्याला कोणी काही विचारत नाही, तोही कोणाला काही सांगत नाही. मोठ्या जागी लागतो तो ‘मॅनेज्ड’ स्विच. त्याच्या पोटात स्वतःचा छोटा संगणक असतो, त्यावर कार्यप्रणाली असते आणि नाव-पासवर्ड देऊन तिच्यात शिरता येते. शिरलेल्या माणसाला कोणते पोर्ट चालू ठेवायचे, कोणाची रहदारी कोणत्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या कोणत्या वेगळ्या कप्प्यात, घालायची, एका पोर्टावरच्या रहदारीची प्रत दुसऱ्या पोर्टावर कशी पाठवायची, हे सगळे ठरवता येते. ही शेवटची सोय बिघाड शोधण्यासाठी दिलेली आहे. चोरून ऐकायलाही तीच पुरते. स्विचमध्ये कोण शिरले याची नोंद ठेवायची ती एवढ्यासाठी.

शब्दांचा थोडा घोळ आधीच मिटवलेला बरा. बँकांच्या जगात ‘एटीएम स्विच’ असाही एक शब्द आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यातल्या एका मोठ्या सहकारी बँकेवर हल्ला झाला, तेव्हा वर्तमानपत्रांत आलेला स्विच तो. ती व्यवहारांना मंजुरी देणारी सर्व्हर-यंत्रणा असते, रॅकमधली पेटी नव्हे. ‘स्विचवरचे लॉगिन’ यालाही दोन अर्थ आहेत. कर्मचारी आपला लॅपटॉप भिंतीच्या सॉकेटला जोडतो आणि स्विच त्याची ओळख विचारतो, हे ८०२.१एक्स या २००१ च्या मानकातले लॉगिन. त्यात माणूस स्विचमधून पलीकडे जातो. येथे विषय आहे तो स्विचच्या आतच शिरणाऱ्याचा. पहिला फाटकातून सोसायटीत येणारा रहिवासी, तर दुसरा वॉचमनच्या केबिनमध्ये जाऊन चाव्यांच्या खुंट्यांपाशी उभा राहणारा.

आत जाण्याच्या वाटा एकाहून अधिक असतात, आणि देखरेखीतल्या बऱ्याच चुका वाटा मोजताना होतात. सर्वांत जुनी वाट कन्सोलची. स्विचवरच्या कन्सोल पोर्टाला केबल लावायची, लॅपटॉपवर पुट्टी हा टर्मिनल-प्रोग्राम उघडायचा, वेग ९६०० ठेवायचा आणि एंटर दाबायचा. त्यासाठी रॅकपाशी प्रत्यक्ष उभे राहावे लागते. दुसरी वाट टेलनेटची, पोर्ट क्रमांक २३ (हे पोर्ट म्हणजे पेटीवरचे केबलचे भोक नव्हे, सेवेचा ठरलेला क्रमांक). तीत पासवर्ड उघडाच तारेवरून जातो. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर असेच पासवर्ड टिपले गेले, तेव्हा तेथल्या टाटू युलोनेन यांनी १९९५ मध्ये सगळी देवाणघेवाण झाकून नेणारे एसएसएच लिहिले आणि त्यासाठी एफटीपीचा २१ आणि टेलनेटचा २३ यांच्यामधला रिकामा २२ हा क्रमांक मागून घेतला. आज शहाण्या जागी टेलनेट बंद असते. निदान तशी समजूत असते. याशिवाय ब्राउझरमधून उघडणारे वेब-पान, आणि प्रोग्रामांनी स्विच हाताळावा म्हणून ठेवलेल्या दोन वाटा : एसएनएमपी आणि नव्या स्विचांवर पोर्ट ८३० वरचे नेटकॉन्फ. नोंद ठेवणारा एसएसएचवर लक्ष ठेवून बसलेला आणि वेब-पान सताड उघडे, असे नेहमी दिसते. त्या वेब-पानाचा प्रताप पुढे येणारच आहे.

या घडीला आत कोण आहे, हे सांगणारी आज्ञा जवळपास प्रत्येक बनावटीच्या स्विचवर असते. सिस्कोवर ती ‘शो यूझर्स’, जुनिपरवर ‘शो सिस्टिम यूझर्स’, हुआवेवर ‘डिस्प्ले यूझर्स’. या सगळ्यांची पणजी म्हणजे युनिक्सची ‘हू’ ही आज्ञा. १९७१ च्या पहिल्या युनिक्स पुस्तिकेत ती आहे, आणि आलेल्या-गेलेल्यांची नोंद ठेवणाऱ्या फायलीही तिच्या शेजारीच आहेत. माणसे एकाच यंत्रावर पाळीपाळीने बसू लागली तेव्हाच ‘आत कोण आहे’ हा प्रश्न पडला होता, असे म्हणायला हरकत नाही.

सिस्कोच्या स्विचवर ही आज्ञा मारली की साधारण अशी ओळ उमटते : तारांकन, मग ‘१ व्हीटीवाय ०’, मग ‘एसजोशी’, मग ‘आयडल’, मग ‘००:००:००’ आणि शेवटी ‘१०.१०.५.२३’. तारांकन म्हणजे आज्ञा देणाऱ्याचे स्वतःचे सेशन. व्हीटीवाय ही नेटवर्कवरून येणाऱ्यासाठी ठेवलेली काल्पनिक लाइन. रॅकपाशी बसलेला असेल तर त्या जागी ‘कॉन’ दिसते. त्यापुढे वापरकर्त्याचे नाव, आणि शेवटी तो ज्या पत्त्यावरून आला तो पत्ता. नवख्याला चकवणारा आहे तो मधला ‘आयडल’. माणूस स्वस्थ बसला आहे, असा त्याचा अर्थ नाही. ते त्याच्या पुढच्या, वेळेच्या रकान्यावरून कळते. ‘आयडल’ लिहिलेला रकाना सांगतो की हा माणूस या स्विचमधून पुढे दुसऱ्या कोणत्या यंत्रात शिरला आहे की नाही. शिरला नसेल तर ‘आयडल’. शिरला असेल तर त्या यंत्राचा पत्ता. स्विचला पायरी करून पुढे उडी मारणारा नेमका येथे सापडतो, आणि हाच रकाना बहुतेक जण न वाचता सोडतात.

वेळेचा रकानाही बोलका असतो. सिस्कोवर काही न करता दहा मिनिटे गेली की सेशन आपोआप बंद होते, ही कारखान्यातून आलेली मर्यादा. सरावाच्या लॅबमध्ये ती जाचक वाटते, म्हणून ‘एक्झेक-टाइमआउट शून्य शून्य’ लिहून ती काढून टाकायची सवय लागते, आणि ती सवय लॅबमधून खऱ्या नेटवर्कात चालत येते. मग ‘शो यूझर्स’मध्ये कन्सोलवर तीन-तीन आठवडे बसलेला ‘ॲडमिन’ दिसतो. माणूस केबल काढून केव्हाच घरी गेलेला असतो. दार तेवढे लोटलेले, कडी नाही. त्या कन्सोल पोर्टाला पुढचा लॅपटॉप जो लावील, त्याला पासवर्ड कोणी विचारत नाही, आणि नवे लॉगिन झालेच नाही म्हणून नोंदही होत नाही.

लाइनींच्या संख्येतही एक खोच आहे. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट स्विचवर व्हीटीवाय लाइनी सोळा : शून्य ते पंधरा. कॉन्फिगरेशनमध्ये मात्र त्या दोन तुकड्यांत छापून येतात, शून्य ते चार आणि पाच ते पंधरा. जुन्या राउटरांवर पाचच लाइनी असत, त्यामुळे पुष्कळ जण हाताच्या सवयीने पहिल्या तुकड्याला निर्बंध लावतात आणि दुसरा विसरतात. एरवी काही बिघडत नाही, कारण पहिल्या पाच जागा रिकाम्या असतात. त्या अडवून ठेवल्या की सहावा येणारा बिनपहाऱ्याच्या दारातून आत येतो. ‘शो यूझर्स’मध्ये व्हीटीवाय पाच किंवा त्यापुढचा आकडा दिसला, तर एकाच वेळी एवढे लोक आत कशाला आले, हे तिथल्या तिथे विचारावे.

ही झाली ‘आत्ता कोण आहे’ची गोष्ट. रात्री सव्वादोनला येऊन अडीचला गेलेला माणूस सकाळी दहाला मारलेल्या आज्ञेत दिसत नाही. त्यासाठी वही लागते, म्हणजे लॉग. जुन्या सिस्को स्विचांवर यशस्वी किंवा फसलेले लॉगिन आपोआप लिहिले जात नाही. ‘लॉगिन ऑन-सक्सेस लॉग’ आणि ‘लॉगिन ऑन-फेल्युअर लॉग’ अशा दोन ओळी मुद्दाम घालाव्या लागतात. त्या घातल्या की प्रत्येक प्रयत्नाला वापरकर्त्याचे नाव, आलेला पत्ता, कोणत्या पोर्टावर दार ठोठावले तो क्रमांक, फसला असेल तर कारण, आणि वेळ, एवढे एका ओळीत मिळते. पोर्टाच्या जागी २३ दिसला तर बंद केले समजून बसलेले टेलनेट उघडेच आहे, हेही फुकटात कळते.

बदलाची नोंद निराळी होते. कॉन्फिगरेशनमधून माणूस बाहेर पडला की ‘कॉन्फिगर्ड फ्रॉम कन्सोल बाय एसजोशी ऑन व्हीटीवाय०’ अशी ओळ येते आणि कंसात पत्ता. येथला ‘कन्सोल’ शब्द वाचून रॅकच्या खोलीत कोण गेले होते याची चौकशी सुरू झाल्याचे किस्से या धंद्यात कमी नाहीत. तो शब्द नेटवर्कवरून आलेल्यालाही लागतो, खरी जागा ‘व्हीटीवाय०’वरून कळते. शिवाय ही ओळ बाहेर पडतानाची आहे. माणसाने आत काही बदलले की नुसता डोकावला, हे ती सांगत नाही.

प्रत्येक संदेशाला एक तीव्रता-क्रमांक असतो, शून्य ते सात. शून्य म्हणजे यंत्र कोलमडले, सात म्हणजे दुरुस्तीवाल्याची बारीकसारीक बडबड. फसलेल्या लॉगिनला चार क्रमांक, यशस्वी लॉगिनला पाच, आणि वरच्या कॉन्फिगरेशनच्या ओळीलाही पाच. गोंगाट नको म्हणून ‘चारपर्यंतचेच संदेश पाठव’ असे सांगून ठेवलेले स्विच सर्रास आढळतात. परिणाम असा होतो की कोणी चाळीस वेळा चुकीचा पासवर्ड घातला ते वहीत येते, एकेचाळिसाव्यांदा बरोबर घालून आत शिरला आणि काही बदलून गेला ते येत नाही. वही वाचणारा चाळीस फसलेले प्रयत्न पाहून ‘कंटाळून गेला’ असे समजतो.

वही ठेवायची कुठे, हा पुढचा प्रश्न, आणि सारी देखरेख त्याच्या उत्तरावर उभी आहे. स्विच आपल्या मेमरीत एक बफर राखतो. सिस्कोवर त्याचा ठरीव आकार पुष्कळ काळ ४,०९६ बाइट राहिला आहे. एक ओळ सव्वाशे अक्षरांची धरली तर त्यात तीस-बत्तीस ओळी मावतात; नवी ओळ आली की सर्वांत जुनी गळते. आता चाळीस संगणकांचे कार्यालय घ्या. सकाळी साडेनऊला एकेक जण येऊन संगणक चालू करतो, आणि प्रत्येक पोर्ट जागे होताना दोन ओळी लिहितो : तार जिवंत झाली, मग लाइन-प्रोटोकॉल जिवंत झाला. ऐंशी ओळी. रात्री सव्वादोनच्या लॉगिनची नोंद पावणेदहापर्यंत पुसली गेलेली असते, आणि ती पुसणारा चोर नसतो, हजेरी लावणारा कारकून असतो. बफर वाढवता येतो, माणसांच्या संगणकांच्या पोर्टांवरची ही बडबड बंदही करता येते, दोन्ही करावे. पण वीज गेली किंवा स्विच रीस्टार्ट केला की मेमरीतले सगळेच जाते. आणि आत शिरलेल्याला बफर साफ करण्याची आज्ञा एका ओळीची.

सोसायटीच्या फाटकावरची वही ज्याने पाहिली आहे त्याला हा प्रकार नवा नाही. वही टेबलावर उघडी, पेन दोऱ्याने बांधलेले, ज्याची नोंद व्हायची त्याच्याच हातात दोन्ही. पान फाडायचे तर वॉचमन चहाला जाण्याचीच वाट पाहायची.

१९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल यांनी यावर उत्तर काढले. ते मूळचे खगोलशास्त्रज्ञ, आणि अनुदान संपल्यामुळे संगणकविभागात आलेले. यंत्र वापरल्याचे पैसे विभागांकडून वसूल करण्यासाठी तेथे हिशेब ठेवला जाई. दोन हिशेबांत पंचाहत्तर सेंटांचा फरक निघाला. तो शोधता शोधता ‘हंटर’ नावाचा एक वापरकर्ता सापडला, ज्याचे बिल कोणाच्याच नावावर जात नव्हते. घुसखोराकडे यंत्राचे सर्वाधिकार आलेले असल्यामुळे यंत्रावरची कोणतीही नोंद तो बदलू शकला असता. म्हणून स्टोल यांनी एका सुट्टीच्या दिवसांत इकडून-तिकडून प्रिंटर आणि टर्मिनले उचलून आणली आणि बाहेरून येणाऱ्या सुमारे पन्नास लाइनींना एकेक जोडून दिले. घुसखोर जे टाइप करील ते कागदावर छापले जाई. कागद यंत्राच्या बाहेर होता. यंत्रात बसून तो पुसता येत नव्हता, दिसतही नव्हता. माग जर्मनीतल्या हॅनोव्हरपर्यंत, मार्कस हेस याच्यापर्यंत गेला. मिळवलेली माहिती सोव्हिएत केजीबीला विकली जात होती, असे पुढे निघाले. स्टोल यांनी ही हकीकत १९८९ च्या ‘द ककूज एग’ या पुस्तकात लिहिली आहे. हिशेबातला पाऊण डॉलर महिना-अखेरीला ‘किरकोळ फरक’ म्हणून खोडून टाकणारा कारकून त्या खुर्चीत असता, तर ही गोष्ट तेथेच संपली असती.

स्टोल यांच्या प्रिंटरची जागा आज सिसलॉग सर्व्हर घेतो. सिसलॉग ही पद्धत एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात बर्कलीलाच, सेंडमेल या टपाल-प्रणालीसाठी तयार केली. स्विचवर एक ओळ घालायची : संदेश अमुक पत्त्यावर पाठव. मग प्रत्येक संदेश लिहिल्याबरोबर यूडीपी ५१४ या पोर्टावरून दुसऱ्या यंत्राकडे रवाना होतो. स्विचमध्ये शिरलेला माणूस पुढचे संदेश बंद करू शकतो, पण तो शिरल्याची ओळ तोवर निघून गेलेली असते. यूडीपीला पोच नसते, हा यातला कच्चा दुवा. साध्या पत्रासारखे ते. पेटीत टाकले, पुढे पोहोचले की नाही कळत नाही. २००९ च्या मानकांनी टीएलएसवरून, पोर्ट ६५१४ वापरून, पोचेसह आणि कुलूपबंद पाठवायची सोय केली. जुने स्विच ती पाळत नाहीत. तेव्हा सर्व्हरवर आणखी एक गोष्ट पाहावी लागते : कोणता स्विच गप्प झाला आहे. एरवी दिवसाला दोनशे ओळी पाठवणाऱ्या स्विचकडून सहा तास एकही ओळ नाही, हाही संदेशच. सिसलॉग सर्व्हरची किल्ली मात्र स्विच सांभाळणाऱ्याच माणसाकडे नसावी. लहान संस्थेत माणसेच दोन-तीन असतात हे खरे. निदान पासवर्ड तरी वेगळा आणि त्याचा लिफाफा हिशेबनिसाच्या कपाटात, एवढे जमते.

वहीत वेळ चुकीची असेल तर वही असून नसल्यासारखी. पुष्कळ जुन्या कॅटॅलिस्ट स्विचांत बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. वीज येऊन स्विच चालू झाला की तो समजतो, आज १ मार्च १९९३, मध्यरात्र उलटून काही सेकंद. लॉगमध्ये ‘मार्च १’ आणि त्याच्या आधी एक छोटे तारांकन दिसले, की समजावे, या स्विचला वेळ माहीत नाही. तारांकनाने तो ते कबूल करतो आहे. उपाय म्हणजे एनटीपी, पुढे डेलावेअर विद्यापीठात गेलेल्या डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये मांडलेली घड्याळे जुळवण्याची पद्धत. एनटीपी लावले तरी एक गाठ उरते. स्विच वेळ सांगतो ती जागतिक प्रमाणवेळेत. भारतीय वेळ हवी तर साडेपाच तासांचा फरक वेगळा लिहून द्यावा लागतो. नाहीतर मध्यरात्रीनंतर २ वाजून १७ मिनिटांचे लॉगिन वहीत आदल्या दिवशीचे २०:४७ म्हणून बसते, आणि वाचणारा म्हणतो, कोणीतरी उशिरापर्यंत थांबून काम करत असेल. यातला कोणताही एक रिवाज चालतो. इमारतीतल्या निम्म्या स्विचांवर एक आणि निम्म्यांवर दुसरा, हे चालत नाही.

नावाचा घोळ मात्र यंत्राचा नाही, माणसांचा. बहुतेक संस्थांत स्विचचे एकच खाते असते, ‘ॲडमिन’, आणि त्याचा पासवर्ड विभागातल्या चौघांना, एएमसीवाल्या व्हेंडरच्या दोन इंजिनिअरांना आणि नोकरी सोडून गेलेल्या एकाला ठाऊक असतो. फाटकावरच्या वहीत प्रत्येकाने नावाच्या रकान्यात ‘पाहुणे’ लिहावे आणि खाली ‘वरीलप्रमाणे’च्या खुणा ओढाव्यात, तशी ही नोंद. माणसागणिक वेगळे खाते ही पहिली पायरी. पण शंभर स्विचांवर सात खाती करणे आणि एक जण सोडून गेला की शंभर ठिकाणी जाऊन ते पुसणे कोणाच्याने होत नाही. म्हणून खाती एका मध्यवर्ती सर्व्हरवर ठेवतात आणि स्विच प्रत्येक वेळी त्याला विचारतो : याला आत घेऊ का, याला काय करू देऊ, आणि याने काय केले ते लिहून घे.

यासाठी दोन भाषा प्रचारात आहेत. रेडियस ही १९९१ च्या सुमारास लिव्हिंगस्टन एंटरप्रायझेस या कंपनीने डायल-अप मोडेमवर येणाऱ्या ग्राहकांसाठी घडवली. आज ती १८१२ आणि १८१३ या पोर्टांवर चालते. टॅकॅक्स प्लस सिस्कोने घडवली, टीसीपी ४९ वर चालते. कित्येक वर्षे ती नुसत्या मसुद्याच्या रूपात होती आणि २०२० मध्ये तिचे रीतसर वर्णन प्रसिद्ध झाले. रेडियसमध्ये फक्त पासवर्ड झाकला जातो, टॅकॅक्स प्लसमध्ये निरोपाचा सगळा मजकूर. ते झाकणही आजच्या कसोटीला कच्चेच आहे. देखरेखीच्या दृष्टीने टॅकॅक्स प्लस निवडण्याचे खरे कारण दुसरे : ती एकेका आज्ञेची नोंद पाठवते. रेडियस सांगते, जोशी २ वाजून १७ मिनिटांनी आले आणि २ वाजून २९ मिनिटांनी गेले. टॅकॅक्स प्लस सांगते, त्या बारा मिनिटांत जोशींनी कोणत्या ओळी, कोणत्या क्रमाने लिहिल्या. मध्यवर्ती सर्व्हर नसेल तर सिस्को स्विचवर ‘आर्काइव्ह’ भागात केलेल्या बदलांच्या ओळी जमा करता येतात. मात्र त्यांत पासवर्ड झाकून लिहिण्याची वेगळी ओळ घालायला विसरू नये.

सर्व्हर बंद पडला तर स्विचला कुलूप लागू नये म्हणून प्रत्येक स्विचवर एक स्थानिक खाते राखून ठेवतात. नियम असा की सर्व्हरकडून उत्तरच आले नाही तर ते चालते. सर्व्हरने ‘नाही’ म्हटले असेल तर चालत नाही. त्यामुळे नेटवर्कवरून या राखीव खात्याने कोणी आत आल्याची ओळ दिसली, की त्या मिनिटाला सर्व्हर खरोखर बंद होता का, हे ताबडतोब पाहावे. सर्व्हर चालू होता आणि फक्त त्याच स्विचची त्याच्याशी असलेली वाट तुटली होती, असे निघाले, तर ती वाट कोणी तोडली हा पुढचा प्रश्न.

वाचायला बसले की दिवसाला हजारो ओळी येतात आणि त्यांतल्या बहुतेक निरुपद्रवी असतात. रात्रीचा बॅकअप घेणारी स्क्रिप्ट रोज दीड वाजता प्रत्येक स्विचमध्ये शिरते. तिला स्वतंत्र खाते द्यावे; मग त्या खात्याने बॅकअप-सर्व्हर सोडून दुसऱ्या कोणत्याही पत्त्यावरून केलेले एकही लॉगिन धोक्याचे ठरते. एकाच नावावर मिनिटाला वीस फसलेले प्रयत्न, हे ओबडधोबड हल्ल्याचे लक्षण. ‘लॉगिन ब्लॉक-फॉर’ या ओळीने त्याला आवर घालता येतो, उदाहरणार्थ साठ सेकंदांत तीनदा चुकले तर दोन मिनिटे दार बंद. दार सगळ्यांनाच बंद होते, म्हणून ॲडमिनच्या संगणकाचा पत्ता अपवादात लिहून ठेवावा; तो न लिहिता स्वतःच बाहेर राहिलेले ॲडमिन मग कन्सोल केबल शोधत फिरतात. अधिक कावेबाज माणूस एकच पासवर्ड शंभर स्विचांवर एकेकदा वापरून पाहतो. एका स्विचच्या वहीत एकच चूक दिसते, तीही बोट घसरल्यासारखी. शंभर वह्या एकत्र आल्या तरच ती रांग दिसते.

फसलेल्या नोंदींमध्ये एक लाजिरवाणा प्रकार हमखास असतो. घाईत माणूस नावाच्या जागी पासवर्डच टाइप करून एंटर मारतो. स्विच इमानाने लिहितो : या नावाचा वापरकर्ता नाही. त्या ‘नावा’त कॅपिटल अक्षर, आकडा आणि शेवटी ॲट-चिन्ह असते, आणि दहा सेकंदांनी त्याच पत्त्यावरून एसजोशी यशस्वी शिरल्याची ओळ. ज्याला वही वाचता येते त्याला जोशींचा पासवर्ड मिळाला. म्हणून लॉग वाचण्याची परवानगीही मोजक्यांनाच असावी.

एवढे सगळे केले तरी वहीत न येणारे प्रवेश आहेतच. मार्च २०१७ मध्ये विकिलीक्सने सीआयएची म्हणून काही कागदपत्रे प्रसिद्ध केली. ती तपासताना सिस्कोला आपल्या ३१८ स्विच-मॉडेलांत असा दोष सापडला की टेलनेटच्या दारावर विशिष्ट रचनेचा निरोप पाठवला तर नाव-पासवर्ड न देताच सर्वाधिकार मिळावेत. लॉगिन झालेच नाही, तर लॉगिनची नोंद कुठली? टेलनेट बंद असलेले स्विच यातून वाचले. पोर्ट ४७८६ वरच्या ‘स्मार्ट इन्स्टॉल’ या सोयीचेही तेच : नवा स्विच आपोआप बसवता यावा म्हणून ठेवलेल्या या वाटेने कोणीही कॉन्फिगरेशन काढून नेऊ शकतो वा नवे घालू शकतो. एप्रिल २०१८ मध्ये इराणमधले हजारो स्विच या वाटेने पुसले गेले.

ऑक्टोबर २०२३ चे प्रकरण उलट बाजूचे, वहीने हात दिल्याचे. सिस्कोच्या आयओएस एक्सई या कार्यप्रणालीच्या वेब-पानात असा दोष निघाला की बाहेरचा माणूस स्वतःसाठी सर्वोच्च अधिकारांचे स्थानिक खाते उघडू शके. धोक्याच्या मोजपट्टीवर त्याला दहापैकी दहा मिळाले. घुसखोरांनी खात्यांना नावेही साळसूद दिली होती, ‘सिस्को_टॅक_ॲडमिन’ आणि ‘सिस्को_सपोर्ट’, म्हणजे वाचणाऱ्याला वाटावे, कंपनीचाच माणूस दुरुस्तीला आला होता. त्यांनी मागे सोडलेला छुपा प्रोग्राम रीस्टार्टनंतर टिकत नसे, खाते मात्र टिकत असे. सिस्कोने ग्राहकांना सांगितलेल्या तपासण्यांत लॉगच्या ओळी होत्या : वेबवरून झालेले यशस्वी लॉगिन, आणि वेब-प्रक्रियेकडून झालेला कॉन्फिगरेशन-बदल, अनोळखी नावाने. ज्यांच्याकडे दूरच्या सर्व्हरवर या ओळी साठवलेल्या होत्या त्यांना शोधायला जागा होती.

हाताने केलेली घुसखोरीही लॉगिनच्या वहीत येत नाही. कॅटॅलिस्ट स्विचच्या पुढच्या बाजूचे मोड बटण दाबून धरून वीज दिली, की पासवर्ड विसरलेल्यांसाठी ठेवलेला मार्ग उघडतो. त्याची खूण म्हणजे अवेळी झालेला रीस्टार्ट. असा रीस्टार्ट दिसला की रॅकच्या किल्लीची नोंद आणि पॅसेजमधल्या कॅमेऱ्याचे चित्रण त्या मिनिटाशी ताडून पाहायचे. घड्याळे जुळलेली असण्याची गरज येथे पुन्हा आडवी येते.

लॉग किती दिवस जपायचे, हे भारतात आता कायद्याने ठरलेले आहे. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सेवापुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी कार्यालये यांनी आपल्या सर्व यंत्रणांचे लॉग चालू १८० दिवसांचे जपायचे, घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या एनटीपी सर्व्हरांशी, अथवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरांशी जुळवायची, आणि सायबर-घटना कळल्यापासून सहा तासांत ती कळवायची. एकशे ऐंशी दिवस ऐकून मोठी साठवण लागेल असे वाटते. हिशेब केला तर शंभर स्विच, प्रत्येकी रोज दोनशे ओळी, ओळ दीडशे बाइटांची, म्हणजे दिवसाला तीस लाख बाइट. सहा महिन्यांचे चोपन्न कोटी, अर्धा गिगाबाइटच्या किंचित वर. बाजारातला सर्वांत स्वस्त पेनड्राइव्हही यासाठी मोठा पडतो. जुने लॉग दाबून ठेवले तर त्याहून कितीतरी कमी जागा लागते.

प्रकरण पोलिसांत आणि पुढे न्यायालयात गेले तर लॉगची फाइल नुसती छापून देऊन भागत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीबरोबर प्रमाणपत्र द्यावे लागते. त्याचा एक भाग नोंद सादर करणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो, आणि फाइलचे हॅश-मूल्य, म्हणजे मजकुरावरून काढलेली आणि एक अक्षर बदलले तरी बदलणारी खूण, त्यात लिहावे लागते. फाइल उघडून, त्यात शोधाशोध करून, एखादी ओळ पिवळी करून मग हॅश काढण्याला अर्थ नसतो. सिसलॉग सर्व्हरवरची दिवसाची फाइल मध्यरात्री बंद होते, त्याच क्षणी तिचा हॅश काढून तो तिसऱ्याच यंत्रावर लिहून ठेवणारी पाच-सहा ओळींची स्क्रिप्ट त्यासाठी पुरते.